'साठी बुद्धी नाठी' आणि साडेसात वर्षं

म्हातारपणाबद्दलच्या समजुतींवर प्रस्ताव लिहायला बसलात की एक पेपर हमखास समोर येतो. बेका लेव्ही आणि सहकारी, २००२. ओहायोतल्या एका छोट्या गावातले पन्नाशीपुढचे ६६० लोक. स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेनं बघणारे इतरांपेक्षा साधारण साडेसात वर्षं जास्त जगले, असा निष्कर्ष.

पेपर चांगलाच आहे. मतं आधी नोंदवली, मृत्यूच्या नोंदी नंतर तपासल्या, तेही दोन दशकांहून जास्त काळ. वय, लिंग, आर्थिक स्थिती, एकटेपणा, हिंडण्याफिरण्याची ताकद, सगळं हिशेबात धरलं. तरी शंका उरते. ज्याला आतून आजार पोखरतोय तो निराशच बोलणार. मग मतामुळे आयुष्य घटलं, की आजारामुळे दोन्ही?

माझा खरा आक्षेप मोजपट्टीवर आहे. तिच्यात जेमतेम पाच विधानं. एकाचा आशय असा, की वय वाढलं की माणूस कमी उपयोगाचा होतो. हे भाषांतर करून खालापूर तालुक्यातल्या साजगावला नेऊन बघा. तिथली कार्तिकातली यात्रा सुक्या मासळीसाठी प्रसिद्ध, विठोबाचं नावच बोंबल्या विठोबा. समजा, तिथे बोंबील विकणाऱ्या सत्तरीच्या आजींना विचारलं. "आता काय राहिलंय बाबा आमचं!" असं म्हणतील आणि त्याच दमात गिऱ्हाइकाला भाव कमी करू देणार नाहीत. आपण मात्र फॉर्मवर 'नकारात्मक' लिहून मोकळे. आपल्याकडे वयाचं रडगाणं ही बऱ्याचदा बोलायची रीत असते. म्हणून आधी आठ-दहा जणांना विचारा, "या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?" प्रश्नावली त्यानंतर.

दुसरं मला जास्त खटकतं. हा पेपर सांगताना लोक "सकारात्मक राहा, जास्त जगा" इथे येऊन थांबतात. म्हणजे दोष पुन्हा म्हाताऱ्यांचाच! खुद्द लेव्हींचं म्हणणं असं, की या प्रतिमा आपण लहानपणापासून समाजातून उचलतो आणि वय झालं की त्या स्वतःलाच लागू करतो. चँग आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ४५ देशांतले ४२२ अभ्यास तपासले. त्यात माणसाच्या मनातल्या प्रतिमांसोबत उपचार नाकारणं, नोकरीत डावलणं हेही मोजलं होतं. गुडघेदुखीवर "या वयात असं होणारच" म्हणून तपासणी टाळली, तर रुग्णानं सकारात्मक राहून काय होणार? प्रश्नावली आजींना देता, तशीच दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना आणि घरच्या सुनामुलांनाही द्या.

आणि हो, 'ज्येष्ठ' कोण हे पहिल्याच पानावर लिहा. २००७ च्या कायद्यात ६०, एसटीच्या अर्ध्या तिकिटाला ६५, मोफत प्रवासाला ७५, आणि लासी सर्वेक्षण तर ४५ पासूनच माणसं घेतं. समितीत कुणीतरी हे विचारतंच.