आकार आणि कारण

देशाटनाचें माहात्म्य आपल्याकडे शाळेपासून सांगण्यांत येतें. पण देशाटनाहून परततांना काय आणावें, हें मात्र कोणी शिकवीत नाहीं. सुशिक्षित कुटुंबाच्या दिवाणखान्याकडे नजर टाकावी, म्हणजे या शिक्षणाचा अभाव ध्यानीं येतो. काश्मीरची अक्रोडी तिवई, जयपूरची निळी सुरई, कच्छचें आरसेकामाचें तोरण, आणि या सर्वांच्या मध्यें मुंबईच्या उकाड्यांत अंगास चिकटणारा रेक्झिनचा सोफा! प्रत्येक वस्तु आपापल्या ठिकाणीं सुंदर होती; येथें येऊन ती प्रवासाचा नुसता दाखला झाली आहे. हा दोष केवळ हौशी गृहस्थांचा असता, तर लेखणी उचलण्याचें आम्हांस कारण नव्हतें. परंतु वस्त्रें, आसनें आणि इमारती यांची कल्पना करणें हाच ज्यांचा व्यवसाय, ते कलावंतहि प्रवासांतून स्फूर्ति घेतल्याचें सांगतात; आणि त्या स्फूर्तीची परीक्षा कोणत्या कसोटीनें करावी, हा प्रश्न आतां थेट कोल्हापूरच्या चर्मकारांच्या दारापर्यंत येऊन पोंचला आहे.

पहिलें उदाहरण फ्रान्समधील शार्लोत पेरियां यांचें घेऊं. ल कॉर्बूझिए व प्येर झानरे या वास्तुशिल्पज्ञांसह त्यांनीं १९२८ सालीं पोलादी नळ्यांची जी पहुडण्याची खुर्ची रचिली, ती यंत्रयुगाच्या आसनकलेचा आदर्श म्हणून आजहि दाखविली जाते. १९४० च्या जूनमध्यें, पॅरिस जर्मन सैन्याच्या हातीं पडण्याच्या सुमारास, या बाई जपानच्या व्यापार-उद्योग खात्याच्या निमंत्रणावरून बोटीनें तिकडे निघाल्या. निर्यातीच्या मालास नवें वळण कसें द्यावें, याचा सल्ला देणें हें त्यांचें काम. कागदी कंदील, लाखेच्या पेट्या, सरकते पडदे असें डोळे दिपविणारें सामान तेथें विपुल होतें. पेरियांबाई मात्र कारागिरांचे हात कसे चालतात, हें पाहत हिंडल्या. वेळूची पट्टी वाकविली असतां तुटत नाहीं, उलट पूर्वस्थितीवर येऊं पाहते, हें तेथील कारागिरांस ठाऊक होतें. उत्तरेच्या बर्फाळ मुलखांतले शेतकरी भाताच्या पेंढ्याचे अंगरखे विणीत. या दोन्ही विद्या त्यांनीं आपल्या कामास लाविल्या, आणि जुनी पोलादी खुर्ची वेळूंत नव्यानें घडविली. १९४१ सालीं तोकियो व ओसाका येथें ताकाशिमाया या पेढीच्या दुकानांत त्यांच्या कामाचें प्रदर्शन भरलें.

यावर कोणी म्हणेल, रेषा तर तीच राहिली. मग नवें तें काय झालें? आमचें उत्तर असें कीं, नवेपणा केवळ रेषेंत शोधणें हीच मुळांत चूक आहे. पोलादी खुर्चींत भार पेलण्याचें काम सांगाडा करतो, आणि मऊपणा वरच्या आच्छादनाकडून उसना आणावा लागतो. वेळूच्या खुर्चींत भार पेलणारी पट्टीच मऊपणाहि देते. पेरियांबाईंनीं जपानी वस्तूचा आकार घेतला नाहीं. ती वस्तु तशी कां होते, याचें कारण घेतलें. हा धडा किती खोल मुरला होता, याची साक्ष १९९३ सालीं मिळाली. नव्वदीच्या उंबरठ्यावर असतांना त्यांनीं पॅरिसमध्यें युनेस्कोच्या आवारांत एक चहागृह उभारलें. सभोंवार वेळू, वर शिडासारखें हलकें छत, आणि आंत मोकळी शांतता. जपानी देवळाची नक्कल त्यांत कोठें नाहीं. तरी जपान त्यांत आहे. मात्र एक उणें नोंदलेंच पाहिजे. खुर्चीशीं नांव जडलें तें पेरियांबाईंचें. पट्टी वाकविणाऱ्या हातांचीं नांवें रसिकांच्या तोंडीं नाहींत.

श्रेयाचा हा मुद्दा क्षुल्लक नव्हे, हें वस्त्रकलेंतील एका प्रसंगावरून दिसेल. व्हेनिसमध्यें राहणारे स्पॅनिश कलावंत मारियानो फोर्तुनी यांनीं १९०७ च्या सुमारास बारीक चुण्यांचा 'देल्फोस' नांवाचा रेशमी झगा प्रसिद्ध केला. देल्फी येथें १८९६ सालीं उत्खननांत सांपडलेल्या सारथ्याच्या ब्राँझ पुतळ्यावरून त्यास हें नांव मिळालें. हा प्रवास देशांतला नव्हे, काळांतला. पुतळ्याचा वेष जसाच्या तसा उचलून नाटकी पोषाख करणें सोपें होतें. फोर्तुनींनीं घेतलें तें एवढेंच कीं, उभ्या चुण्यांचें कापड देहास न आवळतां त्याच्या ठेवणीनें खालीं वाहतें. कंबर करकचून बांधण्याच्या त्या काळांत ही केवढी मुक्तता! १९०९ सालीं चुण्यांच्या युक्तीचें पेटंट घेतांना त्यांनीं कागदावर स्वहस्तें नोंद केली कीं, ही युक्ति मूळ आपली सहचरी आंरियेत हिची आहे. त्या झग्याच्या सौंदर्यांत आम्ही या नोंदीचीहि गणना करतों.

आतां कोल्हापूरकडे वळूं. जून २०२५ मध्यें मिलान येथें प्राडा या इटालियन पेढीनें पुरुषांच्या पोषाखांच्या प्रदर्शनांत कोल्हापुरी वळणाच्या वहाणा मांडल्या. त्या वेळीं कोल्हापूरचें नांव घेतलें नव्हतें. आपल्याकडे बोभाटा झाल्यावर पेढीनें भारतीय उगम मान्य केला. या वहाणेस २०१९ सालापासून भौगोलिक निर्देशांक आहे, व त्यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोहोंतील प्रत्येकीं चार जिल्ह्यांचा हक्क आहे. पुष्कळांनीं या प्रकारास चोरी म्हटलें. कायद्याचा निवाडा करणें आमचें काम नव्हे. समीक्षक म्हणून आमचा आक्षेप निराळा आहे. मूळची वहाण अशी कां, हा प्रश्न त्या नव्या वहाणेच्या कर्त्यास पडलेला दिसत नाहीं. बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेलें चामडें, खिळ्याऐवजीं चामड्याच्याच वादीची शिवण, आणि पहिले कांहीं दिवस पायास चावून मग त्याच पायाच्या ठशांत बसणारा तळ, हीं त्या वहाणेचीं कारणें. पट्टा आणि अंगठा हा तिचा आकार. आकार तेवढा मिलानला पोंचला. कारण येथेंच राहिलें. डिसेंबर २०२५ मध्यें दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं करार करून येथील कारागिरांकडून २,००० जोड बनवून घेण्याचें पेढीनें जाहीर केलें, हें इष्ट झालें. परंतु त्या व्यवहारांत कारागीर मजूर ठरतो कीं गुरु, यावरच त्याचें मोल अवलंबून राहील.

तथापि, परक्याकडे बोट दाखवितांना आपण आपल्या पायांकडेहि पाहिलें पाहिजे. ज्या घरांत कोल्हापुरी वहाण लग्नकार्यापुरतीच बाहेर निघते, त्या घरानें मिलानवर रागवावें, यांत अर्धाच न्याय आहे. प्रवासाहून तिवई खुशाल आणावी. पण ती करणाऱ्यास 'हें असें कां करतां?' एवढें विचारून आणावी, आणि त्याचें नांवहि विचारून घ्यावें. त्याचें उत्तर मनांत घेऊन घरीं परतल्यावर कदाचित् तो रेक्झिनचा सोफा बाहेर जाईल, आणि माळ्यावर टाकलेली वाडवडिलांची वेताची खुर्ची खालीं येईल. तसें झालें, तर देशाटन सफळ झालें असें आम्ही समजूं.