कणा, ताठा आणि नमस्कार

शरीराच्या ठेवणीवरून माणसाची पारख करायची आपल्या भाषेला फार जुनी खोड आहे. कणा नसलेला तो लाचार, मान ताठ ठेवणारा स्वाभिमानी, ताठा असलेला गर्विष्ठ. कंबर कसणारा उद्योगी आणि कंबर खचलेला हरलेला. पोक काढून बसलेल्या मुलाला घरातले वडीलधारे ‘सरळ बस’ म्हणतात, तेव्हा ते मणक्यांविषयी कमी आणि चारित्र्याविषयी अधिक बोलत असतात. वयात येणाऱ्या मुलीला मात्र तेच घर छाती काढून चालू देत नाही, आणि पुढे तिला पोक आले की दोष तिच्याच पदरात टाकते. ही गुंतागुंत सोडवण्याचे काम आपल्या व्यायामविषयक ग्रंथांचे होते. असे ग्रंथ आपल्याकडे थोडे नाहीत. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे १० खंड काढले, हे एकच उदाहरण पुरे. पण हे लेखन आपण ‘लेखन’ म्हणून कधी वाचले नाही. समीक्षेने त्याला आखाड्याच्या दाराशीच सोडले.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद आणि पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार हे तीन ग्रंथकार शरीर कसे लिहितात, एवढेच येथे पाहायचे आहे. माझे म्हणणे असे की, छायाचित्र हाताशी आल्यापासून व्यायामग्रंथांनी स्थिती दाखवली आणि हालचाल गाळली. आणि पाठीच्या दुखण्याचा बराचसा प्रश्न त्या गाळलेल्या जागेत आहे.

छायाचित्राआधी काय होते, ते पाहायचे तर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढावा. गीतेने काया, मस्तक आणि मान एका रेषेत ठेवा, एवढेच सांगून विषय आटोपला आहे. ज्ञानेश्वर तेथे थांबत नाहीत. टाच कुठे टेकवायची, दुसरा पाय त्यावर कसा आणायचा, शरीराचा भार कुठून उचलला जातो, हनुवटी कुठे येऊन बसते, हे ते क्रमाने सांगतात. तो योगाचा भाग आहे, व्यायामाचा नाही, हे खरे. तरी शके १२१२ मधल्या या मजकुरात शरीर एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना दिसते. चित्र नसल्यामुळे ते सारे काम क्रियापदांना करावे लागले आहे.

भवानरावांकडे (१८६८–१९५१) चित्र होते. ते स्वतः चित्रकार, चित्ररामायण काढणारे, औंधला संग्रहालय उभारणारे संस्थानिक. तरुणपणी त्यांनी युजेन सँडोच्या साधनांनी कित्येक वर्षे व्यायाम केला. सँडोची जगभरची कीर्ती जितकी त्याच्या ताकदीवर, तितकीच त्याच्या छायाचित्रांवर उभी होती. पुढे भवानराव सूर्यनमस्काराकडे वळले, संस्थानातल्या शाळांत त्यांनी तो सक्तीचा केला, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिले. १९३८ साली लंडनहून लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ निघाले. नावातच दहा अवस्था आहेत. या लेखनाचा गुण म्हणजे त्यातला ठाम, प्रसन्न विश्वास. राजा स्वतः रोज पहाटे घाम गाळतो आणि मग प्रजेला सांगतो, हे त्या काळात साधे नव्हते. दोष असा की, दहा अवस्था दहा चित्रांसारख्या एकमेकींशेजारी टांगल्या जातात. पहिलीतून दुसरीत कसे जायचे, हे चित्राच्या चौकटीबाहेर राहते.

आणि दुसरीत जाणे हीच खरी अडचणीची जागा. गुडघे ताठ, तळवे जमिनीला, असा हुकूम आपण शाळेच्या मैदानावर ऐकलेला असतो. मांडीच्या मागचे स्नायू वरच्या टोकाला बैठकीच्या हाडांना बांधलेले आहेत. ते आखूड असतील तर ओटीपोटाभोवतीचा हाडांचा कटोरा खुब्यांवर पुढे कलत नाही. मग जमिनीपर्यंतचे उरलेले अंतर कमरेच्या मणक्यांना गोल होऊन भरून काढावे लागते. आपली भाषासुद्धा येथे मदतीला येत नाही. आपण ‘कमरेत वाक’ म्हणतो, ‘खुब्यात वाक’ असे कोणी म्हणत नाही. खुब्याची आठवण होते ती म्हातारपणी तो मोडल्यावर.

त्यात वेळ पहाटेची. रात्रभर आडवे पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सुमारे एक टक्क्याने उंच असतो, आणि ही उंची उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच निम्म्याच्या आसपास उतरते. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण दिवसाच्या मानाने कितीतरी जास्त पडतो. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना सकाळी उठल्याउठल्या वाकण्यापुरते आवरायला सांगितले, तेवढ्याने त्यांचे दुखणे कमी झाले. याचा अर्थ नमस्कार वाईट असा काढणे उतावीळपणाचे होईल. हळूहळू वाढवलेल्या भाराने निरोगी पाठ बळकट होते आणि नमस्कारात वाकण्याइतकेच मागे ताणणेही आहे. परंतु ज्याची कंबर आधीच धरलेली आहे, त्याने पहाटे तासभर घरात हिंडून, गुडघे सैल सोडून पहिला नमस्कार घातला तर सूर्याचा त्यात काही अपमान नाही.

कुवलयानंदांची प्रकृती अगदी वेगळी. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले आणि आसनांना क्ष-किरणयंत्रासमोर व दाबमापकासमोर उभे केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी मोजून दाखवले. त्यांचे गद्य कोरडे आहे, पण कोरडेपणाच त्याची शोभा आहे: आधी मोजमाप, मग विधान. गंमत अशी की याच प्रयोगशील माणसाने शाळांसाठी सांघिक यौगिक व्यायामाची आखणी केली, तेव्हा आसनांनाही कवायतीच्या हुकमांवर चालावे लागले. शेकडो मुले एका तालात वाकवायची तर प्रत्येकाच्या खुब्याची चौकशी कशी करणार?

ती चौकशी अय्यंगारांनी केली. १९३७ साली पुण्यात आलेल्या या माणसाचा १९६६ चा ग्रंथ इंग्रजीत लिहिलेला आहे. मराठी वाचक तो ‘योगदीपिका’ या नावाने ओळखतो. त्यात सहाशेच्या आसपास छायाचित्रे आहेत, म्हणजे स्थितीचे आकर्षण येथे कळसालाच पोहोचले म्हणायचे. तरीही पुस्तक वाचताना लक्षात राहते ती आकड्यांनी ओळीत लावलेल्या कृतींची भाषा: पाऊल वळवा, टाच दाबा, गुडघा वर ओढा. पहिलेच आसन ताडासन, म्हणजे नुसते उभे राहणे. आणि तेथे ते आपल्याला चपलांच्या झिजलेल्या टाचा बघायला लावतात. वजन कोणत्या पायावर, आत की बाहेर, याचा पुरावा रोज दाराशी पडलेला असतो. माझ्या मते आधुनिक व्यायामलेखनातली ही सर्वांत मार्मिक सूचना आहे. पुढे दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे यांचा त्यांनी जो उपयोग केला, त्याने जमीनच माणसाच्या हाताशी वर आणली. भवानरावांच्या शाळेत मुलगा जमिनीपर्यंत पोहोचायचा. येथे जमीन मुलापर्यंत येते. मात्र अय्यंगारांची भाषाही ‘बरोबर’ आणि ‘चूक’ या दोनच रंगांत बोलते, हे नाकारता येणार नाही.

ही दुरंगी भाषा मोजमापासमोर टिकत नाही. स्वीडनच्या नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीतला दाब मोजला आणि उभे राहण्यापेक्षा बसणे अधिक भाराचे, असा निष्कर्ष निघाला. तोच पुढे पाठ्यपुस्तकांत गेला. जर्मनीत विल्के यांच्या गटाने १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या चकतीत संवेदक बसवून पुन्हा मोजले. आधाराशिवाय सैल बसल्यावरचा दाब उभे राहण्याच्या जवळपास, किंचित कमीच निघाला. खुर्चीत पाठ टेकून घसरून बसल्यावर तो निम्म्याच्या घरात आला. पाठ गोल करून २० किलोंचे ओझे उचलल्यावर मात्र तो उभ्या स्थितीच्या चौपटीवर गेला. एकाच माणसावरचे हे माप, तेव्हा त्याचाही देव्हारा करू नये. पण घसरून बसणारा मुलगा निदान पाठीपुरता तरी गुन्हेगार ठरत नाही. एकाच तऱ्हेने तासन्‌तास बसणे, मग ते ताठ का असेना, अंग आंबवते हे प्रत्येकाला ठाऊक आहे. मोबाइलवर वाकलेल्या मानेवर २७ किलोंचा भार येतो, हे वर्तमानपत्रांचे लाडके वाक्य २०१४ मधल्या एका गणिती प्रतिमानातून आले आहे, कोणाच्या मानेतून नव्हे.

या सगळ्या ग्रंथांत एक शरीर जवळजवळ नाही. व्यायामग्रंथाचा वाचक बहुधा बसून काम करणारा. त्याला वाकण्याची सवय नसते म्हणून वाकायला शिकवले जाते. भातलावणीत दिवसभर ओणवी राहणारी बाई, कांदा लावणारी, ऊसतोडीला गेलेली जोडी (‘एक कोयता’ म्हणून जिची मोजणी होते) यांना वाकण्याचा तुटवडा नाही. त्यांच्यातल्या अनेक जणी खुब्यातूनच वाकतात, कोणीही न शिकवता. ओणवे तास इतके असतात की त्या कौशल्यानेही कंबर वाचत नाही. त्यांना दहा नमस्कारांपेक्षा विसाव्याचे दहा क्षण, लांब दांड्याचे अवजार, आणि कारखान्याच्या हिशेबात न दिसणारी सुट्टी हवी. व्यायामज्ञानकोशाच्या १० खंडांत मल्लखांब आहे, कुस्ती आहे, लाठी आहे. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढणारी बाई पाऊल कुठे टाकते, गुडघा किती वाकवते, मान कशी धरते, याची क्रमवार नोंद आपल्या व्यायामलेखनाने अजून लिहून ठेवायची आहे.