कोल्हापूरचा न्यू पॅलेस : शैली आणि रचना

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसविषयीच्या लेखनात ‘इंडो-सारासेनिक’ ही संज्ञा बहुधा आरंभीच येते आणि विवेचन तेथेच थांबते. हिंदू, जैन, मुसलमानी व इंग्रजी शैलींचे मिश्रण, एवढाच तिचा आशय. परंतु घटकांची नावे सांगितल्याने ते कोणत्या नियमाने एकत्र आले हे कळत नाही. उसन्या शब्दांची यादी म्हणजे भाषेचे व्याकरण नव्हे.

वास्तूच्या बाबतीत हे स्थान आराखड्याचे आहे. भवानी मंडपालगतचा जुना राजवाडा चौकाच्या कल्पनेवर उभा आहे. मोकळी जागा मध्ये आणि बांधकाम तिच्या कडेने. नगारखान्यातून आत शिरणाऱ्यास राजवाडा क्रमाक्रमाने कळतो, तो बाहेरून एका दृष्टिक्षेपात दिसावा अशी अपेक्षाच नाही. न्यू पॅलेस याच्या नेमका उलट आहे. जुन्या शहराच्या उत्तरेस, विस्तीर्ण आवारात तो एकटा उभा असून त्याची रचना चौकाने नव्हे, तर घड्याळाच्या मनोऱ्याने एकत्र बांधलेली आहे. हिरवळीपलीकडून संपूर्ण घर नजरेत भरावे, ही इंग्लंडमधील जमीनदारांच्या पाषाणी निवासांची रीत येथे आराखड्याच्या मुळाशी आहे.

छत्र्या, झरोके, कमानींच्या महिरपी हे सर्व भारतीय खरे. पण कोणत्या भारताचे? त्यांतील पुष्कळसे राजस्थान-गुजरातकडील आहे, स्थानिक वाड्याचा अंश त्या मानाने थोडा. वास्तुकार मेजर चार्ल्स मॅन्ट (१८३९–१८८१) यांनी बडोदे, अजमेर, कोल्हापूर अशा दूरदूरच्या ठिकाणी कामे केली, आणि ‘देशी’ या शब्दाचा त्यांचा अर्थही तितकाच ऐसपैस होता. कोल्हापूर या वास्तूत खऱ्या अर्थाने उतरले ते काळ्या दगडातून. जे झरोके उत्तरेत वालुकाश्मात घडले, ते येथे बेसाल्टात उतरताना भारदस्त झाले. त्यांचे नाजूकपण गेले, पण इमारतीस एकजीवता आली. तिच्या यशाचे श्रेय मॅन्टइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, पाथरवटांना द्यावयास हवे.

शैलीच्या चर्चेत एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही: हे घर कोणासाठी बांधले गेले? दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये फ्लॉरेन्स येथे निवर्तले. (त्यांच्या तेथील छत्रीचा आराखडाही मॅन्ट यांचाच.) त्यांच्यामागून दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज अल्पवयीन होते, पुढे त्यांना मनोरुग्ण ठरविण्यात आले. त्यांच्या छळाच्या वार्तांवरून ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी रान उठविले आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीचा तुरुंगवास घडला. १८८३ मध्ये महाराज अहमदनगर येथे मृत्यू पावले. याच वर्षांत शहराबाहेर हा प्रासाद चढत होता. तो १८८४ मध्ये पूर्ण झाला; मॅन्ट त्यापूर्वीच दिवंगत झाले होते. शाहू महाराजांचे दत्तकविधान त्याच वर्षीचे. तेव्हा येथील इंग्रजी आराखडा ही निव्वळ अभिरुचीची बाब मानता येत नाही. राजाच्या नावाने कारभार पाहणाऱ्यांच्या दृष्टीने राजप्रासाद प्रथम दिसावयास हवा होता. राहणारा नंतर येणार होता.

या दृष्टीने दरबार हॉलमधील रंगीत काचांच्या खिडक्या विशेष विचारार्ह ठरतात. ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत संतचरित्रे सांगणारे हे माध्यम येथे शिवचरित्रातील प्रसंग सांगते. माध्यम परके, विषय घरचा. पण हे छत्री-झरोक्यांप्रमाणे बाहेरून चढविलेले अलंकरण नव्हे. काचचित्र पाहावयाचे तर प्रेक्षकाने आत उभे राहिले पाहिजे आणि उजेड बाहेरून यावयास हवा. दिवसा बागेतून पाहणाऱ्यास त्याच खिडक्या केवळ काळपट दिसतात. दुरून पाहण्यासाठी रचलेल्या या प्रासादात तेवढी एक दालनाची जागा आत आलेल्यांसाठी आहे.