युतीच्या सनावळीची चिकित्सा : अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर यांच्या अनुषंगानें

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखाचा शक भाऊ दाजी यांनीं ७८२ असा वाचला होता. पुढें भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असा लावला आणि लेखाचा काळ इ. स. १०६० ठरला. एका अंकाच्या वाचनानें दोनशें वर्षांचें अंतर पडलें. त्याच गांवाच्या अलीकडील राजकीय इतिहासांत पांच वर्षांचा घोटाळा चालू आहे. तो लहान म्हणून सोडून द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं.

शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांची युती १९८९ सालीं जन्मास आली, असें सर्रास लिहिलें जातें. परंतु १९८४ च्या लोकसभा निवडणुकीचें कोष्टक पाहावें. मुंबईंत मनोहर जोशी व वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पुढारी कमळ या निशाणीवर उभे होते. दोघेहि पडले, जोशी यांचा पराभव काँग्रेसच्या शरद दिघे यांनीं केला. केवळ कोष्टकावर विसंबणारा अभ्यासक त्यांना भाजपचे गृहस्थ समजेल, आणि केवळ आठवणींवर विसंबणारा त्या वर्षाचा उल्लेखच करणार नाहीं. दोन्ही रीति सदोष होत.

मग युतीचा आरंभ १९८४ पर्यंत मागें न्यावा काय? कांहीं उत्साही मंडळी तसें करतात. तेंहि आम्हांस मान्य नाहीं. १९८५ सालीं शिवसेनेनें मुंबई महापालिका स्वबळावर घेतली, आणि १९८७ च्या विलेपार्ले येथील पोटनिवडणुकींत भाजप तिच्याबरोबर नव्हता. १९८४ चा प्रकार हा एका लढाईपुरता तह होय. १९८९ चा करार निराळा. दोहोंमध्यें सरळ रेघ ओढणें म्हणजे दोन तुटक पत्रांचे कागद एकास एक चिकटवून त्यांचें एक पत्र करण्यासारखें आहे.

१९८९ च्या कोष्टकांतहि अडचण आहेच. तेथें शिवसेनेच्या नांवापुढें एकच जागा दिसते. तथापि विद्याधर गोखले, वामनराव महाडिक, मोरेश्वर सावे व अशोक देशमुख हे चौघे शिवसेनेचे म्हणून गणले जातात. बाकीचे अपक्षांच्या रकान्यांत शोधावे लागतात. सरकारी कागद म्हणजे अस्सल कागद खरा, पण अस्सल कागदहि स्वतःच्या सोयीनेंच बोलतो, हें दप्तरें चाळणाऱ्यांस सांगावयास नको. गोखले हे संगीत नाटकांचे नामवंत कर्ते. त्यांच्या संसदीय कारकीर्दीची आठवण मात्र नाट्यरसिकांत फारशी निघत नाहीं.

आतां स्थानिक बाजू. अंबरनाथ व उल्हासनगर हीं पूर्वीं ठाणें मतदारसंघांत होतीं. तेथून १९७७ व १९८० सालीं रामभाऊ म्हाळगी, १९८२ च्या पोटनिवडणुकींत जगन्नाथ पाटील आणि १९८९ व १९९१ सालीं प्राध्यापक राम कापसे निवडून आले. म्हणजे ही जागा जनसंघाच्या परंपरेची. असें असतां १९९६ सालीं ती शिवसेनेच्या वांट्यास गेली आणि प्रकाश परांजपे लागोपाठ चार वेळां विजयी झाले. दिल्लींतील स्नेहापेक्षां ठाण्यांतील आनंद दिघे यांच्या वजनाकडे पाहिल्यावांचून या अदलाबदलीचा उलगडा होत नाहीं, असें आमचें मत आहे. युतीचा इतिहास विचारसरणीच्या जुळणीचा म्हणून लिहिणारे येथेंच चुकतात. तो बहुतांशीं जागांच्या वांटणीचा इतिहास आहे, आणि वांटणीचे कागद कोणी जपून ठेवीत नाहीं.

२००९ पासून मतदारसंघांची फेररचना अंमलांत आली. उल्हासनगर व अंबरनाथ कल्याणांत गेलीं; बदलापूर मुरबाडबरोबर भिवंडींत पडलें. कल्याण शिवसेनेकडे राहिलें, भिवंडी भाजपकडे. एकाच लोहमार्गावरील लागूनचीं स्टेशनें, पण मित्रपक्षांच्या दोन निराळ्या वांट्यांत! १९८४ चें उमेदवार मनोहर जोशी मधल्या काळांत, २००२ सालीं, शिवसेनेचे सभासद म्हणून लोकसभेचे अध्यक्ष झाले, हें येथें ध्यानांत ठेवावें.

सप्टेंबर २०१४ मध्यें राज्यांत युती तुटली. केंद्रांत मात्र अनंत गीते मंत्रिपदावर कायम होते. त्या आक्टोबरांत अंबरनाथनें शिवसेना, उल्हासनगरनें राष्ट्रवादी काँग्रेस आणि बदलापूर ज्यांत आहे त्या मुरबाडनें भाजप निवडला. संसदेंतील युती व गांवांतील युती हीं भिन्न प्रकरणें आहेत, याला याहून ठळक पुरावा कोणता हवा? राष्ट्रपतिपदाच्या २००७ व २०१२ च्या निवडणुकींत तर शिवसेनेनें मित्रपक्षाच्या पसंतीविरुद्ध मत दिलें. २०१९ च्या नोव्हेंबरांत अरविंद सावंत यांनीं केंद्रीय मंत्रिपद सोडलें. २०२२ सालीं शिवसेना दुभंगली, आणि १७ फेब्रुवारी २०२३ रोजीं निवडणूक आयोगानें नांव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या पक्षास दिले. तेव्हां "युती" या शब्दाखालीं आज जें मोडतें तें १९८९ चेंच काय, हा प्रश्न उरतो.

असा पेंच आपल्याच देशीं पडला असें नाहीं. ज्यांस आपलीं जुनीं वर्तमानपत्रें हुजूरपक्ष म्हणत, त्या ब्रिटिश पक्षानें २००९ सालीं युरोपीय संसदेंत पोलंड व चेक देशांतील समानशीलांसह एक पुराणमतवादी गट स्थापिला. २०२० सालीं ब्रिटन बाहेर पडलें. संस्थापक गेले, गट व त्याचें नांव राहिलें. तेथें बहुराष्ट्रीय सभेंतील नांव टिकलें व माणसें बदललीं. येथें नांवाचाच मालक कोण हा वाद कज्ज्यास गेला.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच. उल्हासनगर हें फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनीं वसविलेलें नगर. त्याचा इतिहास केवळ मराठी पत्रकांवरून लिहितां येणार नाहीं. सिंधी पत्रकें कोणापाशीं असल्यास तीं रद्दींत घालूं नयेत. विशेषतः १९८९ ते १९९६ या काळांतील, दोन्ही निशाण्या एकत्र छापलेलीं पत्रकें आम्हांस पाहावयाचीं आहेत. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें व पत्ते छापणें कायद्यानें आवश्यक असतें. पत्रकाचा खर्च व मजकूर कोणी घातला हें त्या खालच्या बारीक ओळीवरून कळण्याचा संभव असतो. म्हणून कडा कापून चिकटवह्यांत लावण्याची जी खोड आपल्यांत आहे, ती या कागदांपुरती तरी आवरावी.