बायबलच्या अभ्यासाचे एक साधन
कटंगीसारख्या सीमेवरील गावी, जेथे मराठीला हिंदी व पोवारी यांचा शेजार आहे, बायबलच्या अभ्यासकाने हिब्रू-ग्रीक कोश कोठून आणावेत? त्याने दोन मराठी भाषांतरे समोरासमोर ठेवावीत, असे आम्हांस वाटते. एक बायबल सोसायटीचे. दुसरे पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले, १९२४ साली केडगावच्या मुक्तिसदनात छापलेले. संस्कृतप्रचुर शब्दांबरोबर जुन्या धर्मकल्पनाही येतात, म्हणून रमाबाईंनी खेड्यातील स्त्रियांना उमजेल अशी मराठी योजिली. मुळाला चिकटून राहिल्याने त्यांचे वाक्य कधी अडखळते, हा दोष मान्य केलाच पाहिजे. परंतु ते जेथे अडखळते, तेथेच मूळ भाषेची ठेवण डोकावते. दोन भाषांतरांचे शब्द जेथे जुळत नाहीत, तेथून खरा अभ्यास सुरू होतो. टीकाग्रंथ त्यानंतर उघडावा.