दट्ट्याच्या टोकाचा वायसर

जुनी एअरगन घेणारा आधी नळी न्याहाळतो, मग दस्त्यावरचे ओरखडे दाखवून भाव पाडतो. रसिकाने मात्र ती उघडून वाचावी.

आपल्याकडे अशी जुनी बंदूक इंडियन ह्यूम पाइपचीही निघते. वालचंद हिराचंदांनी 1926 साली काढलेल्या, सिमेंटच्या पाइपांच्या या कंपनीने एअर रायफलीही केल्या, याची मला अजून गंमत वाटते.

नळी मोडून खाली ओढली की दट्ट्या मागे सरकतो, स्प्रिंग दबते आणि खटक्यात अडकते. चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावतो आणि कोंडलेली हवा बारीक भोकातून छर्र्याला रेटते. बारूद नाही, काही नाही; सगळा जोर आपल्याच दंडाचा. खरी कमाल पुढे आहे. दट्ट्या टोकाला आदळायच्या आत त्यानेच दाबलेली हवा त्याला थोपवते, किंचित मागेही ढकलते. छर्रा न घालता चाप ओढला तर हा आधार जातो आणि दट्ट्या थेट टोकावर आपटतो.

हा सारा खेळ दट्ट्याच्या टोकावरच्या चामडी वायसरवर. सायकलच्या पंपात असते तशी ही वाटी. ती वाळली की कडा आखडतात, हवा बाजूने निसटते, छर्रा पत्र्याच्या डब्याला पोचा पाडून खाली पडतो आणि मालक म्हणतो, स्प्रिंग गेली!

पनवेलच्या पावसात नळी गंजते, म्हणून लोक सढळ हाताने तेल ओततात. ते सिलिंडरात उतरलं की दाबाच्या उष्णतेने पेट घेतं. फाडकन आवाज, नळीतून धूर. बघणारे खूश, आत वायसर जळत असतो.

याच पनवेलात, कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत, नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेली अवनी लेखरा त्यांचीच शिष्या. स्पर्धेतल्या रायफलीत आता स्प्रिंग नसते, हवा भरलेलं नळकांडं असतं. 10 मीटरवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. त्यापुढे आपली स्प्रिंगवाली गावठीच. पण ती घरच्या टेबलावर उघडते, आणि काय बिघडलंय ते स्वतः सांगते.

4.5 मिलिमीटर नळी आणि 20 ज्यूलपर्यंतचा जोर असेल तर परवाना लागत नाही. जाड स्प्रिंग घालून जोर वाढवण्याची हौस कायद्यालाही खपत नाही आणि बंदुकीलाही. नवा चामडी वायसर तेलात मुरवून बसवला, तर मूळ स्प्रिंग बहुधा पुरते.

तेव्हा अशी बंदूक हाती आली तर आधी नळीत छर्रा नाही ना ते बघा. उघडताना ती शिकंजात घट्ट धरा, नाहीतर दबलेली स्प्रिंग बूच उडवून छातीत बसेल. आणि स्प्रिंगचा भाव विचारण्याआधी वायसर काढून पाहा.