एका बाजूची पत्रे

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत आईची जुनी ट्रंक उघडली. तीत मावशीने आईला लिहिलेली पत्रे सुती नाडीने बांधून ठेवलेली सापडली. मावशीच्या कानावर हे जाताच तिचा निरोप आला, “माझी पत्रे मला परत दे. नरकचतुर्दशीला बंबात घालते.” आई आता नाही; मावशीने ऐंशी ओलांडली आहे. पत्रे तिने लिहिली, म्हणून ती तिची, हा तिचा सरळ हिशेब. या हिशेबात कोठेतरी चूक आहे असे मला वाटत होते. ती नेमकी कोठे, हे एका पुस्तकाने मला दाखवून दिले.

ते पुस्तक म्हणजे फ्रान्झ काफ्काने मिलेना येसेन्स्का हिला लिहिलेल्या पत्रांचा संग्रह. प्रागचा हा जर्मन भाषेतील लेखक १९२४ साली क्षयाने वारला. आपले अप्रकाशित लेखन जाळून टाकावे, असे त्याने मॅक्स ब्रोड या मित्रासाठी लिहून ठेवले होते. ब्रोडने ते ऐकले नाही, म्हणून त्याच्या तीन कादंबऱ्या १९२५ ते १९२७ या काळात जगापुढे आल्या. ब्रोडने बरे केले की वाईट, हा वाद अजून संपलेला नाही. परंतु मला काफ्काच्या त्या चिठ्ठ्यांतील वेगळीच गोष्ट लक्षणीय वाटते. छापलेली पुस्तके नाहीशी झाली तर बरेच, असे तो म्हणतो. मात्र ज्यांच्यापाशी ती आहेत त्यांनी खुशाल ठेवावीत. पत्रांच्या बाबतीत तो इतका उदार नाही. ती लोकांकडून मागून घ्यावीत, आणि जे देणार नाहीत त्यांनी निदान स्वतः जाळण्याचे वचन द्यावे, अशी त्याची इच्छा!

माझ्या मते येथे त्याचा तोल चुकला. पुस्तक एकट्याने लिहिलेले असते. पत्राला मात्र दोन धनी असतात. कायदासुद्धा हे ओळखतो: कागद ज्याला आला त्याचा, मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा. शिवाय प्रत्येक पत्र कोणत्या तरी पत्राचे उत्तर असते. त्यातले एक काढून घेतले की दुसऱ्याचे बोलणेही अर्धवट राहते.

याचा पुरावा खुद्द त्या संग्रहातच आहे. हा पत्रव्यवहार मुख्यतः १९२० सालचा. मिलेना व्हिएन्नात राहत होती आणि काफ्काच्या कथांचे चेक भाषेत भाषांतर करीत होती. त्याची पत्रे तिने जपली. तिने त्याला लिहिलेली पत्रे मात्र उरली नाहीत. त्यामुळे आपण वाचतो तो संवाद नव्हे. शेजारच्या खोलीत कोणी टेलिफोनवर बोलत असावे, तसे एकाचेच बोलणे ऐकू येते. तो कशाची क्षमा मागतो आहे, कोणत्या शब्दाने दुखावला आहे, हे तर्काने जुळवावे लागते. मिलेना स्वतः समर्थ लेखिका होती. १९४४ साली राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत तिचा अंत झाला. या संग्रहात तिला आपण काफ्काच्या नजरेनेच पाहतो. तिचे उत्तर ऐकायला मिळत नाही, हा तिच्यावर अन्याय आहेच. पण काफ्काच्या शब्दांचेही त्यात नुकसान झाले आहे.

मग लिहिणाऱ्याची लाज, भीती, पश्चात्ताप यांना काहीच किंमत नाही काय? आहे. १९३९ साली मिलेनाने ही पत्रे विली हास याच्या हवाली केली. १९५२ साली ती छापताना त्याने हयात माणसांना झोंबतील असे काही उतारे गाळले. १९८३ च्या आवृत्तीत त्यांतले बरेच पुन्हा आले. गाळणे आणि जाळणे यांतला हा फरक मला फार मोलाचा वाटतो. गाळलेले काळ परत देऊ शकतो. जाळलेले कोणीच देऊ शकत नाही.

ती पत्रे घेऊन मी मावशीकडे गेलो. आईची उत्तरे तिच्या कपाटात होती. त्यांतले एक मी तिला वाचायला दिले. आईने लिहिले होते, “तू म्हणालीस तसेच केले, आणि बरे झाले.” काय केले? मावशीला काही केल्या आठवेना. अखेर तिनेच ट्रंकेतल्या गठ्ठ्याची नाडी सोडली.

दुपारभर आम्ही पत्रे जुळवीत बसलो. मावशीने तीन पत्रे बाजूला काढली. “यातली दोन पाकिटात बंद कर, ती माणसे गेल्यावर उघडा. हे एक मात्र मी जाळणार.” मी नको म्हटले, तिने ऐकले नाही, आणि मीही हट्ट धरला नाही. त्यात काय होते ते मी विचारले नाही. त्याला आईने दिलेले उत्तर मजजवळ आहे. चार ओळींचेच आहे; मी ते कितीदा तरी वाचले, पण त्याचा अर्थ मला लागत नाही.